पव्वा, पंधराशे आणि बाईचं शरीर

पोस्ट लांब आहे. सावकाश वाचा, आणि वाचून झाली की घरातल्या बायांनाही वाचायला द्या.

आधी एक आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019 ते 2021 मध्ये झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रात 15 वर्षांवरच्या स्त्रियांपैकी दारू पिणाऱ्या फक्त 0.4 टक्के. पुरुष 13.9 टक्के. देशभराचा आकडा स्त्रियांचा 1.3 आणि पुरुषांचा 18.8.

म्हणजे आपल्याकडे शंभरात एकही बाई पीत नाही. मग "बाई आणि दारू" असा विषय काढायचा तरी कशाला? आमच्या अमरावती-अकोल्याकडे कोणी हा विषय काढलाच तर पहिलं उत्तर हेच येतं, "बाईले काऊन विचारता बाप्पा, बुढ्याले विचारा!"

बुढ्याला विचारायचंच आहे. पण बाईलाही विचारा, असं माझं म्हणणं आहे. त्याची कारणं सांगते.

पहिलं कारण, हा आकडा कसा येतो ते बघा. सर्वेक्षणवाली बाई दारात उभी, ओट्यावर सासू बसलेली, शेजारीण कान लावून. अशा वेळी "तुम्ही दारू पिता का?" या प्रश्नाला कोणती सून "हाव" म्हणेल? पुरुषाने "कधी मधी घेतो" म्हटलं तर चार लोक हसतात आणि विषय संपतो. बाईने म्हटलं तर तिच्या माहेरापर्यंत बातमी जाते. 0.4 हा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण त्यात दारू किती आणि लाज किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

दुसरं असं की राज्याची सरासरी मेळघाटाबद्दल काहीच सांगत नाही. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू गावांत मोहाची दारू, तिला ते सिडू म्हणतात, सणावाराला, लग्नाला, देवाला लागते आणि बायाही घेतात. त्यात चोरून काही नसतं. आपण शहरातले लोक त्यावर नाक मुरडतो आणि मग आपल्याच बारमध्ये जाऊन बसतो. मला त्या समाजाला शहाणपण शिकवायचं नाही. पण सिडूच्या भांड्यावर टक्केवारी लिहिलेली नसते, आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला प्रथा कळत नाही. तिथे नर्सने प्रेमाने आणि त्यांच्याच भाषेत बोलायला हवं. धाड टाकून हे काम होत नाही.

तिसरं, पिणारी बाई फक्त मेळघाटात नाही. कापूस वेचून, सोयाबीन सोंगून, दिवसभर वाकून कंबर मोडलेली बाई संध्याकाळी घोटभर घेते. एका बाईने मला सांगितलं होतं, "गोळीनं रायत नाई, मंग थोडीशी घेतो, झोप तं लागते." पहाटे रस्ते झाडणारी बाई घेते, वीटभट्टीवरची घेते. शिकायला, नोकरीला आलेल्या पोरीही घेतात, आणि बंगल्यात राहणाऱ्या मॅडमही घेतात. कोणी चव म्हणून घेते, कोणी दुखणं म्हणून, कोणी नवरा आग्रह करतो म्हणून. कारणं वेगवेगळी आहेत. शरीर मात्र सगळ्यांचं बाईचंच आहे.

आता मुद्द्याचं. बाईच्या शरीरात दारू वेगळी वागते. हे चारित्र्याचं भाषण नाही, साधं शरीरशास्त्र आहे.

दारू पाण्यात मिसळते, चरबीत फारशी मिसळत नाही. बाईच्या शरीरात पुरुषाच्या मानाने पाणी कमी आणि चरबी जास्त असते. वजन सारखं असलं तरी हा फरक राहतोच. त्यात जठरात दारू मोडणारं जे एन्झाइम असतं, तेही बायांमध्ये साधारणपणे कमी काम करतं. म्हणून नवरा-बायकोने सारखीच घेतली तरी तिच्या रक्तात दारूचं प्रमाण जास्त चढतं आणि लिव्हरवर मारा जास्त होतो. सिरोसिस आणि दारूमुळे होणारी लिव्हरची सूज बायांना कमी दारूत आणि कमी वर्षांत गाठते. "तो वीस वर्षांपासून पितो, त्याले काही नाई झालं" हा हिशोब तिला लागू पडत नाही.

पेग म्हणजे किती, हेही एकदा समजून घ्या. व्हिस्की-रमच्या बाटलीवर 42.8 टक्के असं छापलेलं असतं. त्या हिशोबाने 30 मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. 180 मिलीचा पव्वा म्हणजे असे सहा पेग, 60 ग्रॅम. आणि "बियरच तं आहे" म्हणणाऱ्यांसाठी: 8 टक्केवाली स्ट्राँग बियरची 650 मिलीची बाटली म्हणजे सुमारे 41 ग्रॅम, चार पेगांच्या बरोबरीची.

आता कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला 1988 मध्येच पहिल्या गटात टाकलं, म्हणजे कॅन्सर करतं हे पक्कं ठरलेल्या पदार्थांत. तंबाखू याच गटात आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं यांचे कॅन्सर त्यात आले, आणि बाईच्या बाबतीत स्तनाचाही. दारूने शरीरातलं इस्ट्रोजेन वाढतं, आणि दारू मोडताना तयार होणारं अॅसिटाल्डिहाइड पेशींच्या डीएनएला इजा करतं. रोज एक पेग, म्हणजे ते 10 ग्रॅम, एवढ्यानेही स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण 7 ते 10 टक्क्यांनी वाढतो. जानेवारी 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच म्हटलं की आरोग्याला सुरक्षित अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही. "वाइन हृदयाला चांगली असते" हे लग्नाच्या पंगतीत ऐकायला बरं वाटतं, पण स्तनाच्या गाठीला वाइन, व्हिस्की आणि संत्रा यांतला फरक कळत नाही.

आणि आपला खर्रा! तंबाखू आणि दारू एकत्र आले की तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. बाई खर्रा खाते हे आपण मान्य केलंय, त्याची लाज कधीच गेली. म्हणून त्याबद्दल बोलता येतं. दारूबद्दल बोलता येत नाही, म्हणून दोन्हीचा मिळून होणारा धोका कोणी सांगतच नाही.

गरोदरपणाचं तर कोणी नावही काढत नाही. आईच्या रक्तातली दारू नाळेतून थेट बाळात जाते, आणि ती मोडायला बाळाचं लिव्हर तयार झालेलं नसतं. 1973 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा बाळांचं वर्णन छापून आलं. वजन कमी, चेहऱ्याची ठेवण वेगळी, पुढे शिकायला-लक्ष द्यायला अडचण. हे नंतर औषधाने बरं होत नाही, टाळता मात्र पूर्ण येतं. पहिल्या तीन महिन्यांत इतकी चालते, शेवटी तितकी चालते, असं काही नाही. अजिबात नको. मात्र दिवस गेल्याचं कळायच्या आधी कोणी घेतली असेल तर घाबरून लपवू नका. आज थांबवा आणि डॉक्टरला सांगा. आजपासून थांबवण्याचाही बाळाला फायदाच होतो.

यातच एक घरगुती गोष्ट. बाळंतिणीला थंडी नको म्हणून ब्रँडीचा चमचा, बाळाला सर्दी झाली की दोन थेंब. हे करणाऱ्या आज्या अजून आहेत आणि त्यांची माया खरी आहे. पण दूध पाजणाऱ्या आईची दारू दुधात उतरते, आणि तान्ह्या बाळाला तर थेंबही द्यायचा नसतो. दशमूलारिष्टासारख्या आसव-अरिष्टांतही आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. ती दारू नव्हे, मान्य. पण पोटुशी असताना किंवा लिव्हरचा त्रास असताना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता आपल्याकडची खास भर. याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. अर्ध्याहून जास्त! दारूमुळे फोलेटसारखी जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत, भूक मरते, जेवण सुटतं. रक्त आधीच कमी असलेल्या बाईला हे दुप्पट भोवतं. वर अंगदुखीच्या गोळ्या: उपाशीपोटी दारू आणि दुखण्याची गोळी म्हणजे जठरातून रक्तस्राव व्हायला आमंत्रण. पॅरासिटामॉल, शुगरच्या गोळ्या, टीबीची औषधं, झोपेच्या गोळ्या, या सगळ्यांचं दारूशी वाकडं आहे. डॉक्टरला माहीत नसेल की बाई घेते, तर तो तीच गोळी लिहून देणार. लाजेची किंमत अशी मोजावी लागते.

आता त्या उरलेल्या 99 बायांकडे येऊ, ज्या पीत नाहीत.

नवऱ्याची दारू बायकोच्या शरीरात कशी शिरते? मार म्हणून शिरते. याच सर्वेक्षणानुसार देशात ज्यांचे नवरे वारंवार पिऊन तर्र होतात, त्यांच्यापैकी 70 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. ज्यांचे नवरे पीत नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण 23 टक्के. (ते 23 ही कमी नाहीत, दारू नसली तरी मारणारे मारतातच, हेही ध्यानात ठेवा. "दारूनं मारलं, त्यानं नाई" ही पळवाट आहे.) दारू बाईच्या ताटातून कमी झालेल्या डाळीतून शिरते. रात्री दोनपर्यंत जागून दार उघडण्यातून शिरते. नको असलेल्या दिवसांतून शिरते. त्याचं लिव्हर गेलं की तिच्या मंगळसूत्रातून, बचत गटाच्या कर्जातून शिरते. तिचा बीपी, तिची झोप, तिचं डोकं यांच्या तक्रारी घेऊन ती दवाखान्यात येते. केसपेपरवर "अशक्तपणा" लिहिलं जातं. दारू हा शब्द तिच्या केसपेपरवर येतच नाही, कारण ती पीत नाही ना!

हे आपल्याला नवीन नाही. आपल्या अमरावती विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या गाडगे बाबांची गोष्ट आठवा. 1876 मध्ये शेंडगावला जन्म. वडील झिंगराजी दारूपायी गेले. लहानग्या डेबूला घेऊन आई सखुबाई मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला भावाकडे आली. पुढे डेबूने पोरीच्या बारशाला दारू आणि मटण नाकारून गोडाचं जेवण दिलं, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. सांगायलाच पाहिजे. पण मला मध्येच सखुबाई आठवते. नवऱ्याच्या दारूनंतर शेंडगाव ते दापुरा हे अंतर एका विधवेने कसं काटलं असेल, तिच्या अंगात किती रक्त होतं, किती दुखणी होती, हे कोणी विचारलं असेल का? झिंगराजीची दारू आणि डेबूचं संतपण यांच्यामध्ये एक बाई होती. तिची प्रकृती इतिहासात नाही, तशीच ती आजच्या रजिस्टरमध्येही नाही.

आता सरकारकडे वळू. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेत महिन्याला 1,500 रुपये. घेणाऱ्या बायांना मी नावं ठेवणार नाही, त्या पैशाने कित्येक घरांत औषध आणि दूध आलंय. 10 जून 2025 ला मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं आणि वर्षाला 14,000 कोटींची जादा कमाई अपेक्षित धरली. त्यात देशी दारूच्या 180 मिलीची किमान किंमत ठरली 80 रुपये.

हिशोब मांडा. रोज एक पव्वा, तोही सगळ्यात स्वस्त: महिन्याला 2,400 रुपये. बहिणीच्या खात्यात 1,500 आले आणि भावजीच्या खिशातून 2,400 गेले. घर 900 रुपयांनी मागेच राहिलं. दारू महाग केली हे चांगलंच, किंमत वाढली की पिणं काही प्रमाणात कमी होतं, हे जगभर दिसलंय. पण पक्का व्यसनी कमी पीत नाही, तो घरात कमी देतो. म्हणून त्या 14,000 कोटींतला ठरावीक वाटा व्यसनमुक्तीला आणि या बायांच्या उपचाराला गेला नाही, तर ही वाढही शेवटी बाईच्याच ताटातून वसूल होणार.

"मग बंदीच करा ना!" असं कोणीतरी खाली लिहिणारच. वर्धा नदीच्या पलीकडे बघा. धामणगाव रेल्वेहून पुलगावला गेलं की वर्धा जिल्हा, तिथे 1970 च्या दशकापासून बंदी. गडचिरोलीत 1993 पासून. चंद्रपूरला बायांनी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला, 2015 ला बंदी मिळवली, आणि 2021 ला सरकारने ती उठवली. बंदीने फायदा होत नाही असं मी म्हणत नाही. चौकातलं दुकान हटलं तर रस्त्याने जाणाऱ्या पोरीलाही मोकळं वाटतं. पण बंदीने पिणाऱ्या बाईवर उपचार होत नाहीत, आणि गावठी गाळून पोट भरणारी विधवा पहिली पकडली जाते.

दुकान बंद करायचा रस्ता कायद्यात आहेच. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची, मग मतदान, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्तींनी बाटली आडवी केली की दुकान बंद. खोच "एकूण" या शब्दात आहे. मतदानाला न आलेली बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते. मेळघाटातून कामाला बाहेरगावी गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, यादीत नाव राहिलेली मयत, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने! आमदाराला निवडून यायला एवढी अट नाही, दारूचं दुकान हटवायला आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा:

1. विचारा, आणि नीट विचारा. आशाताई 30 वर्षांवरच्या लोकांचा सीबॅक फॉर्म भरतात. त्यात "रोज दारू घेता का?" असा प्रश्न आहे. बाजाराच्या दिवशी पव्वा रिकामा करणारी बाई खरं बोलूनही "नाही" म्हणणार. आणि 22 वर्षांची पोटुशी तर त्या फॉर्ममध्ये बसतच नाही. प्रश्न बदला. गरोदर बाईला पहिल्या तपासणीलाच, सासूला बाहेर बसवून विचारा. स्वतःचं पिणं विचारा, नवऱ्याचं पिणंही विचारा. आणि आशाताईला या कामाचे पैसे द्या.

2. अकोला आणि अमरावती, दोन्ही जिल्ह्यांच्या सरकारी दवाखान्यात व्यसन सोडवायला बाईसाठी वेगळी खोली आणि महिला समुपदेशक हवी, लेकरू सोबत ठेवायची सोय हवी. पुरुषांच्या वॉर्डाच्या कोपऱ्यात कोणती बाई भरती होईल?

3. बाटलीवर गरोदरपणाची सूचना लिहा. आज आपल्याकडे "मद्यसेवन आरोग्यास हानिकारक" आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढ्यावर भागतं. फ्रान्स हा तर वाइनचा देश, पण तिथेही 2007 पासून बाटलीवर गरोदर बाईचं चिन्ह छापावं लागतं.

4. बाटली आडवी-उभीच्या मतदानात झालेल्या मतांची मोजणी धरा, आणि मतदार यादी आधी साफ करा.

शेवटी दोन शब्द त्या भाऊ लोकांसाठी, जे ढाब्यावर बसलेल्या पोरींचे व्हिडिओ काढून "संस्कृती बुडाली" म्हणून फिरवतात. त्या व्हिडिओने एकाही पोरीचं पिणं सुटत नाही. ती फक्त लपून प्यायला लागते, आणि लपून पिणारी बाई दवाखान्यात सर्वात उशिरा पोहोचते. मी बायांना प्यायची मोकळीक मागत नाही. आजारी पडल्यावर खरं सांगायची मोकळीक मागते.

आणि बायांनो, तुम्ही घेत असाल तर तुम्ही वाईट नाही. बरीच वर्षं रोज घेत असाल तर एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टरच्या देखरेखीत सोडा. व्यसनमुक्तीसाठी 14446, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416, घरात मार बसत असेल तर 181 किंवा 112. हे नंबर कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

पुढच्या वेळी आशाताई दारात आली आणि तिने विचारलं, तर "बाईले काऊन विचारता?" असं म्हणून तिला परत पाठवू नका. तिला घरात बोलवा, सासूला चहा करायला लावा आणि बोला.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.